मिडलवेट मुष्टियोद्ध्यांची तुलना : काळ आणि वजन

व्यावसायिक मुष्टियुद्धात मिडलवेट गटाची कमाल मर्यादा १६० पौंड, म्हणजे साधारण ७२.५ किलो. १८९१ साली बॉब फिट्झसिमन्सने जॅक ‘नॉनपरेल’ डेम्प्सीकडून या गटाचा किताब घेतला. तेव्हापासूनच्या विजेत्यांना एका रांगेत उभे करून ‘यांच्यात भारी कोण’ हा वाद रसिक आवडीने घालतात. वादात बहुतेकदा वेग, ठोसा आणि जिगर यांचीच चर्चा होते. वजनकाटा मागे राहतो. मर्यादेचा आकडा शतकभर तोच आहे, पण वजन कधी करायचे हा नियम मात्र बदलला. म्हणून १९५१ चे १६० पौंड आणि २०१७ चे १६० पौंड सारखे धरता येत नाहीत.

पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी होई. काट्यावरून उतरल्यावर रिंगणात जायला मधे काही तासच मिळत. पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवले तर ते भरून काढायला वेळ नसे, म्हणून खेळाडू आपल्या खऱ्या वजनाच्या जवळच्या गटात लढत. शिवाय मूळचे गट आठच होते. १४७ पौंडांचा वेल्टरवेट संपला की थेट १६०, त्यानंतर १७५. मधले १५४ आणि १६८ पौंडांचे गट अनुक्रमे १९६० आणि १९८० च्या दशकांत आले. त्याआधी दोन गटांच्या मधल्या माणसाला जडाशी भिडावेच लागे.

शुगर रे रॉबिन्सनचे मोल इथे कळते. ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटापुढे तो उभा राहिला तेव्हा त्याचे वजन १४४.५ पौंड होते आणि लामोटाचे १६०.५. आठव्या फेरीत लामोटाने त्याला दोरांतून बाहेर ढकलले. रॉबिन्सनचा व्यावसायिक कारकिर्दीतला तो पहिला पराभव. तीनच आठवड्यांनी त्याने त्याच लामोटाला हरवले. १९५१ मध्ये मिडलवेटचा किताब घेतला तेव्हाही तो १५५.५ पौंडांचाच होता. पुढच्या वर्षी, २५ जूनला, यांकी स्टेडियममधल्या जीवघेण्या उकाड्यात १५७.५ पौंडांचा रॉबिन्सन १७३ पौंडांच्या जोई मॅक्सिमविरुद्ध गुणांत पुढे होता. दहाव्या फेरीनंतर पंचच थकून बदलावा लागला आणि चौदाव्या फेरीसाठी रॉबिन्सन स्टुलावरून उठू शकला नाही. हा पराभव त्याच्या नावावर मांडताना पंधरा पौंडांचा फरक सोडून देणे अन्यायाचे आहे. त्याच्याआधी हॅरी ग्रेबने १९२२ मध्ये आपल्याहून बारा पौंडांनी जड जीन टनीला हरवले होते. टनीच्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव.

१९८० च्या दशकात वजन आदल्या दिवशी करण्याची पद्धत रूढ झाली. हेतू चांगला होता : सुकलेल्या शरीराने कोणी रिंगणात उतरू नये. पण त्या चोवीस-तीस तासांचा फायदा घेऊन खेळाडू आणखी खालच्या गटात उतरू लागले. काट्यावर हलके दिसायचे, मग पाणी आणि अन्न घेऊन जड होऊन लढायचे. फेब्रुवारी २००० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत १४१ पौंडांची ठरली होती. लढतीच्या रात्री टीव्ही वाहिनीच्या अनौपचारिक काट्यावर गॅटी १६० भरला आणि गमाश १४५. म्हणजे मिडलवेटच्या पुऱ्या वजनाचा माणूस वेल्टरवेटहूनही हलक्या माणसाला मारत होता. गमाश दुसऱ्या फेरीत कोसळला, त्याच्या मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा कधी लढला नाही.

या वजनवाढीला आवर घालायला आयबीएफ (इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन) या संघटनेने किताबाच्या लढतीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करण्याचा नियम ठेवला. मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त भरायचे नाही. मार्च २०१७ मध्ये मिडलवेट किताबाच्या लढतीआधी गेनाडी गोलोव्हकिन या वजनाला हजर राहिला, त्याचा प्रतिस्पर्धी डॅनियल जेकब्ज गेलाच नाही. आयबीएफच्या किताबावरचा हक्क जेकब्जने सोडला, पण लढत झाली आणि गोलोव्हकिन थोड्या गुणांनी जिंकला. गोलोव्हकिनचा हा विजय तोलताना ही बाब नोंदवायलाच हवी.

हौशी मुष्टियुद्धात चित्र वेगळे आहे. तिथे लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होते आणि स्पर्धा चालू असेपर्यंत वजन राखावे लागते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेंदर सिंगने कांस्यपदक मिळवले ते ७५ किलोच्या मिडलवेट गटात, याच शिस्तीत.

म्हणून काळ ओलांडून तुलना करताना काट्यावरचे नव्हे, रिंगणातले वजन धरावे. रिंगणात १७० च्या आसपास भरणारा आजचा मिडलवेट रॉबिन्सनच्या काळात बहुधा १७५ च्या गटात मोजला गेला असता. मात्र जुने ते सगळे श्रेष्ठ असाही याचा अर्थ नाही. फिट्झसिमन्सने १८९७ मध्ये १६७ पौंडांवर जेम्स कॉर्बेटला पाडून हेवीवेटचा किताब घेतला. त्यानंतर मिडलवेटच्या माजी विजेत्याला हेवीवेटचा किताब मिळायला १०६ वर्षे लागली. तो रॉय जोन्स. १ मार्च २००३ ला तो १९३ पौंडांचा होता आणि समोरचा जॉन रुईझ २२६ चा. जिंकल्यावर जोन्स पुन्हा १७५ च्या गटात परतला. मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत नॉकआऊट केले.