पत्त्याचा पुरावा नसेल तर सेक्स वर्कर ताईंनी आधार कार्ड कसं काढायचं?

बुधवार पेठ असो, कामाठीपुरा असो की नागपूरची गंगा-जमुना, कितीतरी ताईंचं आधार एकाच गोष्टीवर अडतं, पत्त्याचा पुरावा. खोली घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या नावावर, भाडं रोख, लाइट बिल तिसऱ्याचंच, आणि गावाहून कागद मागवायचे तर घरी काय सांगणार? पण सुप्रीम कोर्टाने बुद्धदेव करमास्कर केसमध्ये 19 मे 2022 ला आदेश दिलाय की सेक्स वर्करला पत्त्याच्या पुराव्याऐवजी एका सर्टिफिकेटवर आधार मिळालं पाहिजे.

सर्टिफिकेटचा नमुना यूआयडीएआयचा (आधार देणारी सरकारी संस्था), आणि त्यावर सही नॅकोच्या (केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था) राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रोजेक्ट डायरेक्टरची. तिथे एकटीने जाऊन उभं राहण्यापेक्षा आधी तुमच्या वस्तीत एचआयव्ही तपासणी आणि कंडोम वाटपाचं काम करणाऱ्या संस्थेच्या ताईला गाठा, तिला सोसायटीत कुणाशी बोलायचं ते माहीत असतं. संस्था माहीत नसेल तर 1097 ला फोन करा, नॅकोची हेल्पलाइन आहे, फ्री आहे.

मग सर्टिफिकेट आणि आधारचा फॉर्म घेऊन केंद्रावर जायचं, तिथे फोटो, दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन होतं. नवीन आधारला एक रुपया लागत नाही, त्यामुळे कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. पावती मात्र जपून ठेवा.

आणि हो, आधी गावाकडे कधी आधार काढलं असेल तर नवीन काढायला जाऊ नका, ठसे जुळतात आणि अर्ज रिजेक्ट होतो, जुनंच शोधून काढायचं, त्यासाठी 1947 या आधारच्या हेल्पलाइनला विचारा.

सगळ्यात जास्त भीती असते ती कार्डावर धंद्याचं काही छापून येईल का याची. नाही येत. गुप्तता पाळायची आणि नोंदणी नंबरमध्येसुद्धा ओळख पटेल असा कोड टाकायचा नाही, हे कोर्टाने त्याच आदेशात लिहिलंय. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं हा पिटा कायद्यात (अनैतिक देहव्यापार रोखण्याच्या कायद्यात) गुन्हा नाही, गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दलाली, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं, त्यामुळे फॉर्म भरला म्हणून कुणी पकडून नेत नाही.

रेशन कार्ड आणि मतदार कार्डसाठी सुप्रीम कोर्टाचाच 14 डिसेंबर 2021 चा वेगळा आदेश आहे, ऑफिसात कुणी परत पाठवलं तर तारखेसकट तो सांगा आणि नकार लेखी मागा.