तारीख उलटी दिसतेय की दिवसच चुकीचा मोजला जातोय?

फोर्टमधल्या एका सीए ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो. तिथल्या सरांनी फायरवॉलचा (नेटवर्कच्या दाराशी बसून डेटाची ये-जा तपासणारं यंत्र) ट्रॅफिक रिपोर्ट, म्हणजे कोणत्या दिवशी किती डेटा वापरला त्याचा हिशेब, पुढे केला आणि दोन प्रश्न विचारले. एक, ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल? दुसरा, रविवारी ऑफिसला कुलूप असतं, मग त्या दिवशी एवढा डेटा कोणी वापरला? दोन्हीला ते एकच नाव देत होते: "तारीख चुकतेय." पण पहिला प्रश्न फॉरमॅटचा आहे, दुसरा टाइमझोनचा. दोन्हींचा इलाजही वेगळा.

फॉरमॅटचं लवकर सांगून होतं. तिथल्या फायरवॉलचं सॉफ्टवेअर पीएफसेन्स. त्यातलं ट्रॅफिक टोटल्स हे पॅकेज आतून व्हीएनस्टॅट हा डेटावापर मोजणारा प्रोग्राम वापरतं. व्हीएनस्टॅटच्या सेटिंग फाइलमध्ये दिवस आणि महिना यांचे फॉरमॅट वेगवेगळे लिहिता येतात. जुन्या आवृत्त्या दिवसाची तारीख सिस्टिमच्या लोकेलप्रमाणे, म्हणजे देश-भाषेच्या सेटिंगप्रमाणे दाखवायच्या. लोकेल अमेरिकी असलं की महिना आधी येणार. नव्या आवृत्त्या वर्ष-महिना-दिवस असा क्रम धरतात. टक्क्याच्या खुणेपुढे छोटा एम लिहिला तर महिना, मोठा एम लिहिला तर मिनिटं, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. माणसांनी वाचायच्या रिपोर्टात मी महिना अक्षरी ठेवतो: ०४-मे. मग वाद उरतच नाही. फॉरमॅट बदलल्याने साठवलेल्या आकड्यांना धक्का लागत नाही. आज बदला, उद्या परत फिरवा.

टाइमझोनचं तसं नाही. तिथे दिवस कुठे तुटतो हेच बदलतं. फायरवॉल यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर राहिला तर त्याची मध्यरात्र मुंबईत पहाटे साडेपाचला होते. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, साधारण तसंच. त्या ऑफिसचा बॅकअप सोमवारी पहाटे २ वाजता चालतो. तेव्हा यूटीसीत रविवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणून तो सगळा डेटा रविवारच्या खात्यात जमा होत होता. रविवारी कोणीच आलं नव्हतं, आणि आकडाही खोटा नव्हता.

झोन सुधारला तरी मागचे दिवस सुधारत नाहीत, ही खरी अडचण. दिवसाची बेरीज एकदा झाली की तिच्यातून पहाटेचे साडेपाच तास वेगळे काढता येत नाहीत. तासवार नोंदी व्हीएनस्टॅट मूळ सेटिंगप्रमाणे फक्त ४ दिवस ठेवतो. म्हणून फायरवॉल बसवला त्याच दिवशी झोन नीट लावा. यादीत मुंबई सापडणार नाही. एशियाखालचं कोलकाता निवडा. 'ईटीसी' गटातले जीएमटी अधिक ५ असले पर्याय टाळा. त्यांत चिन्ह उलटं असतं, म्हणजे अधिक ५ हे यूटीसीच्या पाच तास मागे, आणि अर्ध्या तासाची सोयच नाही. झोन बदलल्यावर एकदा रीबूट करा, कारण चालू असलेल्या सेवा जुनाच झोन धरून बसतात.

फॉरमॅट म्हणजे नुसतं दिसणं, असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. सिस्टिम लॉगच्या (यंत्रात कधी काय घडलं याच्या नोंदी) जुन्या बीएसडी पद्धतीत वर्षही नसतं आणि झोनही नसतो. आरएफसी ५४२४ या २००९ सालच्या पद्धतीत वर्ष असतं आणि वेळेच्या शेवटी +०५:३० (यूटीसीच्या साडेपाच तास पुढे) सुद्धा लिहून येतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात. डिसेंबरचे लॉग मे महिन्यात उघडायची वेळ येते तेव्हा ओळीत वर्ष लिहिलेलं असण्याची किंमत कळते. पीएफसेन्समध्ये या नव्या पद्धतीचा पर्याय लॉगच्या सेटिंगमध्येच आहे.

नक्की कोणता घोटाळा आहे हे कळायला एक सोपी चाचणी पुरते. रात्री १ वाजता एखादी १ जीबीची फाइल डाउनलोड करा आणि सकाळी सहानंतर रिपोर्ट उघडा. ती आजच्या दिवसात दिसली तर झोन बरोबर आहे, फक्त फॉरमॅट बदला. कालच्यात दिसली तर आधी झोन.