शेवटच्या स्थानकाचे गणित आणि जलद गाडीची अट

नागपूरकरांना डायमंड क्रॉसिंगचे कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दिशांचे रूळ तेथे एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात. मात्र वाहतुकीचे नियोजन करणाऱ्या अभियंत्याला अशा छेदाकडे पाहताना कौतुकाबरोबर काळजीही वाटते, कारण एक गाडी तो छेद ओलांडत असेपर्यंत दुसऱ्या दिशेच्या गाडीला थांबण्यावाचून पर्याय नसतो. सीताबर्डीला मेट्रोची ऑरेंज आणि अ‍ॅक्वा मार्गिका एकमेकींना वेगवेगळ्या पातळ्यांवर ओलांडतात, त्यामुळे तेथे ही अडचण उद्भवत नाही. तरीही छोट्या आकाराचा एक डायमंड जवळजवळ प्रत्येक मेट्रोच्या शेवटच्या स्थानकाजवळ असतो आणि त्या मार्गावर तासाला किती गाड्या धावू शकतील, हे बऱ्याच वेळा तोच ठरवतो.

शेवटच्या स्थानकावर गाडीला दिशा बदलून परत फिरायचे असते. मेट्रोच्या गाडीला दोन्ही टोकांना चालककक्ष असतो, म्हणून गाडी वळवावी लागत नाही, पण तिला येणाऱ्या रुळावरून जाणाऱ्या रुळावर आणावे लागते. त्यासाठी दोन रुळांच्या मध्ये सांध्यांची, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या हलत्या जोडांची, फुलीसारखी रचना केलेली असते, तिला सिझर्स क्रॉसओव्हर म्हणतात. ही फुली फलाटाच्या आधी असेल, तर येणारी गाडी दोनपैकी कोणत्याही फलाटावर घेता येते, प्रवासी उतरतात, नवे प्रवासी त्याच गाडीत चढतात आणि गाडी परत निघते. येणाऱ्या रुळाच्या सरळ रेषेतील फलाटाला पहिला आणि जाणाऱ्या रुळाच्या रेषेतील फलाटाला दुसरा म्हणू. पहिल्या फलाटावर येणारी गाडी आणि दुसऱ्या फलाटावरून सुटणारी गाडी एकमेकींच्या आड येत नाहीत, त्या एकाच वेळी हलू शकतात. परंतु दुसऱ्या फलाटाकडे येणारी गाडी आणि पहिल्या फलाटावरून सुटणारी गाडी या दोघींनाही फुली तिरकी ओलांडावी लागते आणि त्यांचे मार्ग नेमके मधल्या डायमंडवर छेदतात. तेव्हा एकीला थांबवावेच लागते.

या थांबण्याची किंमत सेकंदांत मोजता येते. तिरक्या सांध्यावरून गाडीला सरळ रुळापेक्षा बरेच हळू जावे लागते. समजा, तो वेग ताशी 30 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटर आहे. तीन डब्यांची सुमारे 65 मीटर लांबीची गाडी आणि सुमारे 100 मीटरची फुली धरली, तर गाडीचे शेपूट फुलीबाहेर पडायला 20 सेकंद लागतात. त्यानंतर सांधे फिरून पक्के होणे, सिग्नल मिळणे, चालकाने गाडी हलवणे यांत आणखी वेळ जातो. आता हीच फुली फलाटापासून 150 मीटर दूर असेल, तर त्याच वेगाने ते अंतर कापायला जाताना 18 आणि येताना 18, असे 36 सेकंद प्रत्येक फेरीत वाढतात. दर 10 मिनिटांनी गाडी असताना ही 36 सेकंदे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. दर 2 मिनिटांनी गाडी सोडायची झाली, तर मात्र संपूर्ण मार्गाची क्षमता त्यांच्यामुळे अडकून बसते.

मग फुली फलाटाला लागूनच का बांधत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर फलाटाच्या प्रकारात दडलेले आहे. दोन्ही रुळांच्या मध्ये एकच रुंद फलाट असेल, तर प्रवाशाची मोठी सोय होते, कारण पुढची गाडी कोणत्याही बाजूने सुटली तरी त्याला जिना चढावा-उतरावा लागत नाही. परंतु मधल्या फलाटामुळे दोन्ही रूळ एकमेकांपासून फाकतात. आखूड आणि सुटसुटीत फुलीसाठी ते जवळ यावे लागतात आणि ते जवळ येईपर्यंत स्थानक मागे पडलेले असते. फलाट रुळांच्या बाहेरच्या बाजूंना ठेवले, तर फुली स्थानकाला अगदी चिकटून घेता येते, पण मग गाडी कोणत्या बाजूने सुटणार हे प्रवाशाला आधी सांगावे लागते आणि चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्यांची धावपळ होते. माझ्या मते शेवटच्या स्थानकावर मधलाच फलाट असावा आणि त्यामुळे जाणारा वेळ जास्त वेगाच्या सांध्यांनी भरून काढावा. नंतर सांधे बदलता येतात, फलाट बदलता येत नाही.

सांधे बदलल्याने काय साधते, याचे उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गिकेवर आहे. तिच्या वॉल्थमस्टो सेंट्रल या शेवटच्या स्थानकाजवळील क्रॉसओव्हरवर गाड्यांना वेग कमी करावा लागत असे. 2015 च्या ऑगस्टमध्ये मार्गिकेचा तेवढा भाग सुमारे तीन आठवडे बंद ठेवून तो क्रॉसओव्हर बदलण्यात आला. 2017 पासून त्या मार्गिकेवर गर्दीच्या वेळी तासाला 36 गाड्या, म्हणजे दर 100 सेकंदांना एक गाडी धावू लागली. मधल्या स्थानकांची सिग्नल यंत्रणा कितीही आधुनिक असली, तरी पाटाच्या शेवटच्या मोरीतून जेवढे पाणी निघते तेवढेच पाटातून वाहते. या मार्गिकेवर गाडी उलट दिशेला न्यायला त्याच गाडीच्या चालकाने टोकापासून टोकापर्यंत चालत जाण्याची वाट पाहत नाहीत. आधीच्या गाडीतून उतरलेला चालक फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो आणि पुढची गाडी आली की तिचा ताबा घेतो. त्यासाठी एखादा चालक जास्त लागतो, पण गाडी मोकळी होते.

दुसरी रचना म्हणजे सांधे फलाटाच्या पलीकडे ठेवणे. येथे सर्व प्रवासी उतरतात, रिकामी गाडी स्थानकापुढच्या रुळावर जाते, चालक टोक बदलतो आणि गाडी समोरच्या फलाटावर परत येते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांचे फलाट कायमचे वेगळे राहतात आणि येणाऱ्या गाडीला फलाट रिकामा होण्याची फार वाट पाहावी लागत नाही. शिवाय पुढे रूळ शिल्लक असल्याने गाडी फलाटात योग्य वेगाने शिरू शकते. हा शेवटचा मुद्दा सुरक्षिततेशी जोडलेला आहे. 28 फेब्रुवारी 1975 रोजी लंडनच्या मूरगेट स्थानकात एक गाडी न थांबता बंद बोगद्याच्या भिंतीवर आदळली आणि 43 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर बंद टोकाच्या फलाटांवर शिरणाऱ्या गाड्यांचा वेग यंत्रणेनेच मर्यादित करण्याची व्यवस्था आली. मर्यादित वेग म्हणजे फलाटात शिरायला अधिक वेळ आणि अधिक वेळ म्हणजे तासाला कमी गाड्या. स्थानकापुढे शंभर-दीडशे मीटर रूळ वाढवणे म्हणूनच उधळपट्टी ठरत नाही.

गाडी वळवण्याचा तिसरा मार्ग म्हणजे रुळांचे वर्तुळ. न्यूयॉर्कच्या साउथ फेरी स्थानकात 1905 पासून असे वर्तुळ आहे. चालकाला टोक बदलावे लागत नाही आणि मार्गांचा छेदही टळतो. मात्र वळण इतके तीव्र आहे की डबा आणि फलाट यांच्यामधली फट बुजवण्यासाठी सरकत्या पट्ट्या बसवाव्या लागल्या आणि फलाटाला फक्त पहिले पाच डबे लागत. म्हणून 2009 मध्ये तेथे सरळ फलाटांचे नवे स्थानक बांधले गेले. 2012 च्या सँडी वादळात ते पाण्याखाली गेले, तेव्हा काही वर्षे जुन्या वर्तुळानेच सेवा दिली. नागपूरसारख्या उन्नत मार्गाच्या शहरात वर्तुळाला लागणारी जागा मिळणे कठीण आहे.

आता जलद गाडीकडे वळू. मेट्रो थोडी लांबली की जलद गाडीची मागणी येतेच आणि नागपुरात ती येणार, असे मानायला जागा आहे. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी या ऑरेंज मार्गिकेची लांबी सुमारे 22 किलोमीटर आहे. 43.8 किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्यात ती उत्तरेला कन्हान नदीपर्यंत आणि दक्षिणेला मिहानहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीकडे वाढते, तेव्हा एकूण लांबी 50 किलोमीटरच्या पुढे जाते. थांब्यांसह सरासरी वेग ताशी 33 किलोमीटर धरला, तर बुटीबोरी ते सीताबर्डी या सुमारे 32 किलोमीटरच्या प्रवासाला जवळपास एक तास लागेल. कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार मधली स्थानके वगळणारी गाडी मागेल आणि ती मागणी रास्तच असेल.

परंतु एक थांबा वगळल्याने किती वेळ वाचतो? गाडी सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाने धावत असेल आणि वेग वाढवण्याचा व कमी करण्याचा दर सेकंदाला 1 मीटर प्रतिसेकंद असेल, तर न थांबता जाणाऱ्या गाडीच्या तुलनेत थांबण्यात 10 आणि पुन्हा वेग घेण्यात 10 सेकंद वाया जातात. त्यात दारे उघडून प्रवासी चढण्या-उतरण्याची 25 सेकंदे मिळवली, तर एका थांब्याची किंमत 45 सेकंद होते. आठ स्थानके वगळली की 6 मिनिटे वाचतात. एका तासातून 6 मिनिटे.

त्या 6 मिनिटांसाठी मार्गाला काय द्यावे लागते, हे वेळापत्रक मांडल्याशिवाय कळत नाही. दोनच रूळ आहेत, ओलांडून जायला जागा नाही आणि दोन गाड्यांमध्ये किमान 2 मिनिटांचे अंतर हवे, असे समजू. धीमी गाडी सुटल्यानंतर जलद गाडी 8 मिनिटे थांबवूनच सोडावी लागेल, तरच ती शेवटी धीम्या गाडीच्या 2 मिनिटे मागे राहील. तिच्यानंतर 2 मिनिटांनी पुढची धीमी गाडी. म्हणजे 10 मिनिटांत दोन गाड्या, तासाला 12. सर्व गाड्या सारख्याच थांबल्या असत्या, तर त्याच रुळांवर तासाला 30 गाड्या धावल्या असत्या. गर्दी वाढल्यावर हा तोटा कोणालाच परवडणार नाही.

मुंबईकर जलद आणि धीम्या लोकलची सवय सांगतील, पण चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघणाऱ्या या दोन प्रकारच्या गाड्यांना मुख्यतः वेगवेगळे रूळ आहेत. न्यूयॉर्कने 27 ऑक्टोबर 1904 रोजी पहिला भुयारी मार्ग सुरू केला, तेव्हाच मॅनहॅटनच्या मोठ्या भागात चार रूळ टाकले होते. नंतर हे करणे किती अवघड असते, हे ज्या शहरांनी दोनच रूळ टाकले त्यांना चांगले माहीत आहे. त्यांच्यापैकी शिकागोने थांबे वाटून देण्याचा मार्ग स्वीकारला: काही गाड्या अ स्थानकांवर, काही ब स्थानकांवर आणि मोठ्या स्थानकांवर सगळ्या. 1948 मध्ये सुरू झालेली ही पद्धत 1995 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली. गाड्यांची संख्या कमी असताना लहान स्थानकावरच्या प्रवाशाला दुप्पट थांबावे लागते आणि अ स्थानकावरून ब स्थानकावर जाणाऱ्याला मध्ये गाडी बदलावी लागते. चिलीतील सान्तियागो शहराने 2007 मध्ये गर्दीच्या वेळेपुरती अशीच व्यवस्था केली. तेथे गाड्या दाट असल्याने वाट पाहण्याचा त्रास कमी जाणवतो.

दक्षिण कोरियातील सोल शहराच्या नवव्या मेट्रो मार्गिकेचे उदाहरण नागपूरला अधिक उपयोगी आहे. 2009 मध्ये सुरू झालेल्या या मार्गिकेवर दोनच रूळ आहेत, पण काही निवडक स्थानकांवर जादा रूळ आहेत. धीमी गाडी तेथे बाजूला उभी राहते आणि जलद गाडी पुढे निघून जाते. याचा भार धीम्या गाडीतील प्रवाशांवर पडतो: जलद गाडीच्या आधी दीड आणि नंतर दीड मिनिट असे अंतर ठेवले, तर त्यांना तीन मिनिटे नुसते थांबावे लागते. म्हणून ओलांडण्याची जागा अशा स्थानकावर हवी, जेथे तसेही बरेच प्रवासी चढतात-उतरतात किंवा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत समोरच्या फलाटावरून जाऊ शकतात.

नागपूरपुरते माझे मत असे आहे की आज जलद गाडी नको, पण तिच्यासाठी जागा मात्र आजच ठेवावी. पहिल्या टप्प्यात शहरभर दोन रुळांचा उन्नत पूल उभा राहिला आहे आणि कामठी मार्गावर तर तो उड्डाणपुलाच्या वर आहे. तेथे आणखी दोन रूळ टाकणे आता शक्य नाही. बुटीबोरीकडच्या मोकळ्या भागात मात्र एखाद्या स्थानकावर जादा रुळाची जागा राखून ठेवणे अवघड नाही. खांब उभे राहण्याआधी हा निर्णय झाला, तर त्याचा खर्च मर्यादित राहतो. खरा लांब पल्ल्याचा वेग हवा असेल, तर वर्धा, रामटेक, नरखेड आणि भंडारा या दिशांना रेल्वेच्या विद्यमान मार्गांवर ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याचा जो प्रस्ताव पुढे आला, त्याच्याकडे पाहावे, कारण जलद गाडीला वेगळा रूळ देण्याचा तोच नैसर्गिक मार्ग आहे.

त्याहून तातडीचा प्रश्न आहे तो आजच्या शेवटच्या स्थानकांचा. मार्गिका कन्हान आणि बुटीबोरीपर्यंत गेली की ऑटोमोटिव्ह चौक आणि खापरी ही मधली स्थानके होतील, पण शहरातील गर्दी त्यांच्या आतल्या पट्ट्यातच राहील. प्रत्येक गाडी टोकापर्यंत नेली, तर बाहेरच्या भागात रिकामे डबे धावतील. काही गाड्या या स्थानकांवरूनच परत फिरवाव्या लागतील आणि त्यासाठी दोन्ही मुख्य रुळांच्या मध्ये एक तिसरा रूळ लागतो. गाडी त्या मधल्या रुळावर जाऊन चालक टोक बदलेपर्यंत मागच्या लांब पल्ल्याच्या गाडीची वाट अडत नाही आणि परत निघताना समोरून येणाऱ्या गाडीचा मार्गही छेदावा लागत नाही.

गाड्यांच्या संख्येचा हिशेबही येथूनच निघतो. आजच्या 22 किलोमीटरच्या मार्गाला ताशी 33 किलोमीटरने जाण्या-येण्यास 80 मिनिटे लागतील असे धरू आणि दोन्ही टोकांना 5-5 मिनिटे देऊ. दर 10 मिनिटांनी गाडी सोडण्यासाठी 9 गाड्या पुरतात. टोकांच्या रचनेमुळे हीच 5 मिनिटे 10 झाली, तर फेरी 100 मिनिटांची होते आणि तीच सेवा देण्यासाठी दहावी गाडी व तिचे चालक लागतात. बुटीबोरी आणि कन्हानच्या टोकांना उशिराची भरपाई करण्यासाठी थोडा अधिक वेळ लागणारच, कारण मार्ग लांब असेल तर उशीरही साचतो. तो वेळ गाडीला फलाटावर उभी ठेवून द्यायचा की पलीकडच्या रुळावर, हे त्या स्थानकांच्या आराखड्यावरच ठरेल.