जीर्ण अपचनावरील विद्युत्-अ‍ॅक्युपंक्चर

शरीरावरील ठरावीक बिंदूंमध्ये बारीक सुया टोचून त्यांतून सौम्य, स्पंदित विद्युत्प्रवाह सोडण्याच्या पद्धतीला विद्युत्-अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. पारंपरिक अ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुई हाताने फिरवून किंवा वरखाली करून उद्दीपन दिले जाते. येथे ते काम यंत्र करते, त्यामुळे उद्दीपनाची वारंवारता, तीव्रता आणि कालावधी मोजता येतो आणि पुढच्या वेळी तंतोतंत तसाच देता येतो. सुयांना वीज जोडण्याचा प्रयोग फ्रेंच वैद्य सारलांदिएर यांनी १८२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. मात्र या पद्धतीचा व्यापक वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये सुरू झाला. अपचनावरील बहुतेक संशोधनही तेथेच झाले आहे.

हा उपचार ज्या अपचनासाठी अभ्यासला गेला ते प्रामुख्याने ‘क्रियात्मक अपचन’ होय. थोडे खाल्ल्यावरच पोट भरणे, जेवणानंतर बराच वेळ पोट जड वाटणे, छातीचे हाड संपते तेथे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा जळजळणे ही त्याची चार मुख्य लक्षणे आहेत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या ‘रोम-४’ निकषांनुसार ही लक्षणे किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली असावीत, गेले तीन महिने टिकून असावीत आणि दुर्बिणीच्या तपासणीत त्यांचा उलगडा करणारा व्रण, गाठ यांसारखा दोष सापडू नये. दोष सापडत नाही म्हणजे त्रास काल्पनिक आहे, असे मुळीच नाही. काही रुग्णांत अन्न जठरातून पुढे सरकण्यास विलंब होतो. काहींत घास उतरल्यावर जठराचा वरचा भाग जितका सैल व्हायला हवा तितका होत नाही. तर काहींत जठराच्या चेता (मज्जातंतू) इतक्या संवेदनशील झालेल्या असतात की एरवी जाणवूही नये असा ताण त्यांना वेदना म्हणून जाणवतो.

सर्वाधिक वापरला जाणारा बिंदू पायावर आहे. ‘झूसानली’ नावाचा हा बिंदू गुडघ्याच्या वाटीखालील बाहेरच्या खळग्यापासून रुग्णाच्याच चार बोटांच्या रुंदीइतका खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर असतो. त्याच्या जोडीला मनगटाच्या आतील बाजूस दोन कंडरांमधला ‘नेइग्वान’ आणि बेंबी व छातीच्या हाडाचे टोक यांच्या मधोमध असलेला ‘झोंगवान’ हे बिंदू घेतले जातात. सुया टोचल्यावर त्यांच्या जोड्यांना यंत्राच्या तारा चिमट्यांनी लावतात आणि रुग्णाला मुंग्या किंवा हलके ठोके जाणवतील, पण दुखणार नाही, इतपत प्रवाह हळूहळू वाढवतात. एक बैठक साधारण अर्धा तास चालते आणि आठवड्यात अनेक बैठका याप्रमाणे उपचार काही आठवडे दिला जातो.

पोटाच्या तक्रारीसाठी पायात सुई का, या प्रश्नाला शरीरक्रियाविज्ञानाने दिलेले उत्तर या विषयाचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणावा लागेल. जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भूल दिलेल्या उंदरांवरील प्रयोगांत पोटावरील उद्दीपनाने जठराची हालचाल मंदावली, तर पायावरील उद्दीपनाने ती वाढली. पहिला परिणाम मेरुरज्जूतून परतणाऱ्या अनुकंपी (ताणाच्या वेळी पचन मंदावणाऱ्या) चेतांद्वारे घडतो. दुसऱ्यात संदेश आधी मेंदूपर्यंत जातो आणि तेथून व्हेगस या मेंदूला जठराशी जोडणाऱ्या चेतेमार्गे जठराकडे येतो. म्हणजे बिंदूची जागा बदलली की परिणामाची दिशाही बदलू शकते. हार्वर्डमधील चिउफू मा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उंदरांच्या मागच्या पायातील स्नायूंभोवतीच्या खोल आवरणात जाणाऱ्या विशिष्ट संवेदी चेतापेशी ओळखल्या. मंद प्रवाहाने त्यांना चेतवल्यास व्हेगस आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांच्यामार्फत दाह कमी होतो, आणि पोटाच्या आवरणात अशा चेता नसल्याने तेथे तो परिणाम मिळत नाही, असे त्यांना आढळले. हा अभ्यास दाहाविषयीचा आहे, अपचनाविषयीचा नव्हे, हे विसरता कामा नये. वेदना कमी होण्याचा मार्ग वेगळा आहे. चिनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान जीशंग यांच्या कार्यानुसार सुमारे २ हर्ट्झचे (सेकंदाला दोन स्पंदनांचे) उद्दीपन एन्केफॅलिन व एंडॉर्फिन, तर १०० हर्ट्झचे उद्दीपन डायनॉर्फिन ही शरीरातील वेदनाशामके मुक्त करते.

परिणामकारकतेचा पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. अपचनाच्या चाचण्यांत तुलनेसाठी दिलेला नकली उपचार घेणाऱ्यांनाही बऱ्याचदा मोठा आराम पडतो. त्यात सुई, स्पर्श आणि उपचारकाचे लक्ष यांचा स्वतंत्र प्रभाव असतो. विद्युत् पद्धतीत आणखी एक अडचण येते, ती अशी की खरा प्रवाह जाणवतो, त्यामुळे आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्ण ओळखू शकतो. सुई लावणाऱ्याला तर ते ठाऊकच असते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात ५४२ रुग्णांच्या सात चाचण्या तपासल्या गेल्या आणि दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे नमूद झाले. त्यानंतरचे काम अधिक काटेकोर आहे. हाताने दिलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेवणानंतर त्रास होणाऱ्या २७८ रुग्णांना चार आठवड्यांत बारा बैठका दिल्या. त्यात सुधारणा जाणवलेल्यांचे प्रमाण खऱ्या उपचारात ८३ टक्के, तर नकली उपचारात सुमारे ५२ टक्के होते. त्या चाचणीत मोजलेली तिन्ही लक्षणे पूर्णपणे गेलेल्यांचे प्रमाण मात्र अनुक्रमे सुमारे २८ आणि १७ टक्केच होते. रुग्णाला वाजवी अपेक्षा सांगायची असेल, तर हे दुसरे आकडेच अधिक उपयोगी आहेत.

सुईच्या जागी किंचित रक्त येणे, काळेनिळे पडणे किंवा चक्कर येणे हे त्रास अधूनमधून होतात. गंभीर इजा विरळ असली तरी पोटावर सुई खोल जाणार नाही याची काळजी प्रशिक्षित व्यक्तीच घेऊ शकते. पेसमेकर किंवा हृदयाचे ठोके सुधारणारे तत्सम उपकरण बसवलेल्यांना हा उपचार देऊ नये. गर्भवती, अपस्माराचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांचा निर्णय घ्यावा. वजन घटणे, गिळताना अडकणे, वारंवार उलट्या, काळी शौच किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास सुयांचा विचार बाजूला ठेवून दुर्बिणीची तपासणी आधी करून घ्यावी. अशी लक्षणे नसली तरी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची चाचणी करावी, कारण तो आढळल्यास प्रतिजैविकांच्या उपचाराने काही रुग्णांचे अपचन कायमचे थांबते.