फोटोतली ती स्टेनगन नाही, स्टर्लिंग आहे

पोलिसाच्या खांद्याला आखूड बंदूक, मॅगझीन (गोळ्यांची पेटी) डावीकडे आडवं, की बातमीत लगेच 'स्टेनगन'. वर्षानुवर्षं हेच वाचतोय. जुन्या फोटोंमध्ये आपण बहुतेक वेळा बघतो ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची (एसएएफ) कार्बाइन १ए, म्हणजे स्टर्लिंग या ब्रिटिश गनचं भारतीय रूप. इंदिराजींच्या हत्येच्या बातम्यांत स्टेनगन आलं तेच लोकांच्या डोक्यात बसलं, सुप्रीम कोर्टाच्या निकालात मात्र स्पष्ट 'एसएएफ कार्बाइन' आहे.

स्टेन सगळ्यांना माहितीये. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांची शस्त्रं मागे राहिली, अमेरिकन थॉमसन गन महाग, म्हणून 1941 मध्ये शेफर्ड आणि टर्पिन यांनी पाइप आणि पत्र्याची ही स्वस्त गन काढली, दोघांची आद्याक्षरं आणि एनफिल्डचं 'एन' मिळून स्टेन. स्टर्लिंग जॉर्ज पॅचेटची, नमुने युद्धातच तयार होते पण ब्रिटिश सैन्यात रीतसर आली 1953 ला. दोन्ही 9 एमएमच्या, वजनातही फार फरक नाही, ते सोडा.

खरा फरक मॅगझीनमध्ये आहे आणि तोच कोणी सांगत नाही. स्टेनच्या मॅगझीनमध्ये गोळ्या दोन रांगांत बसतात पण तोंडाशी येताना दोन्ही रांगांना दाबून एकच व्हावं लागतं, तिथे घर्षण वाढतं, जरा धूळ गेली किंवा तोंडाचा पत्रा किंचित वाकला की गोळी अडकलीच, म्हणून 32 मावत असूनही सैनिक 28-30 च भरायचे. 1942 मध्ये प्रागला नाझी अधिकारी हायड्रिखला मारायला त्याच्या गाडीसमोर उभ्या राहिलेल्या गॅबचिकची स्टेन ऐनवेळी चाललीच नाही. पॅचेटने दोन्ही रांगा तोंडापर्यंत वेगळ्याच ठेवल्या, आळीपाळीने एकदा डावीकडून एकदा उजवीकडून गोळी, खालून ढकलणाऱ्या भागाला रोलर, आणि मॅगझीनला बाक, त्यात 34 गोळ्या. वर बोल्टवर (मागेपुढे सरकून गोळी नळीत ढकलणारा भाग) तिरप्या कडा, आत आलेली घाण त्या खरवडून बाजूला करतात. मला विचाराल तर त्या काळातलं इतकं विचारपूर्वक बनवलेलं मॅगझीन दुसरं नाही.

ओळखायला एवढं बघा: मॅगझीन सरळ तर बहुतेक स्टेन, बाकदार असेल आणि बॅरलवर (नळीवर) भोकांची जाळी शेवटपर्यंत गेली असेल तर स्टर्लिंग. आणि कृपा करून 'स्टेनचं मॅगझीन स्टर्लिंगला बसतं म्हणजे एकच गन' हे सांगू नका. बसतं कारण स्टेनची मॅगझीनं ढिगाने पडून होती, ती चालावीत म्हणून तशी सोय ठेवली होती.