ऑर्गनॉइड आणि चिप: ‘प्रयोगशाळेतली किडनी’ म्हणजे नेमकं काय?

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं ज्या घरात डायलिसिस सुरू आहे, तिथं ‘प्रयोगशाळेत किडनी तयार झाली’ ही बातमी मोबाइलवर येऊन पोचते आणि आशा लावते. ही ‘किडनी’ बहुधा ऑर्गनॉइड असते, म्हणजे मूळपेशींपासून वाढवलेला किडनीसारखा चिमुकला गोळा, नाहीतर चिप, म्हणजे बारीक वाहिन्यांत किडनीच्या पेशी बसवलेली रबरी पट्टी. आज यातलं काहीच रुग्णाला बसवता येत नाही. आजार समजून घ्यायला आणि औषध तपासायला ती बनवतात. पण दोन्हींत फरक आहे तो खानापूरकडचा भाताचा तरवा आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं ओतकाम यांच्याइतका: एक वाढवायचं, दुसरं घडवायचं.

ऑर्गनॉइडसाठी रुग्णाच्या रक्तातल्या किंवा त्वचेतल्या पेशी आधी मूळपेशींच्या (कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या) अवस्थेत परत नेतात. २०१५ साली आलेल्या एका पद्धतीत त्यांना पहिले चारेक दिवस सीएचआयआर हे रसायन (८ मायक्रोमोलर) देतात, मग एफजीएफ-९ हे वाढीचं प्रथिन, मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम. सातव्या दिवशी पेशी सुट्या करून सुमारे ५ लाखांचा गोळा सच्छिद्र पडद्यावर ठेवतात आणि तासभर पुन्हा सीएचआयआर. पुढच्या अडीच आठवड्यांत गाळणी आणि नलिका आपोआप आकार घेतात, पण पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या किडनीइतक्याच कोवळ्या.

बिघडतं ते बहुतेक सुरुवातीलाच. सीएचआयआरचे दिवस कमी पडले तर पेशी लघवी गोळा करणाऱ्या संग्राहक नलिकेकडं झुकतात, वाढले तर नेफ्रॉन (गाळणी आणि तिची नलिका) बनवणाऱ्या ऊतीकडं. प्रत्येक पेशीवाणाची (एकाच मूळ नमुन्यातून वाढवलेल्या पेशींची) मात्रा वेगळी निघते, म्हणून आधी लहान चाचणी घ्यावीच लागते. रक्तपुरवठा नसल्यानं गोळा जाड झाला की मधला भाग मरतो. नको असलेल्या स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या पेशीही उगवतात. दोन घाण्यांत फरक पडतो, म्हणून निरोगी आणि आजारी नमुने एकाच घाण्यातले हवेत.

चिप साच्यात ओततात. पीडीएमएस हे सिलिकॉन रबर आणि त्याचं घट्ट करणारं द्रव्य १०:१ मिसळायचं, निर्वातात बुडबुडे काढायचे, ओव्हनमध्ये घट्ट करायचं. दोन वाहिन्यांमध्ये सच्छिद्र पडदा. त्याच्या एका बाजूला नलिकेच्या पेशी, दुसरी बाजू रक्ताची. पंपानं प्रवाह अगदी मंद, पेशींवर प्रवाहाच्या घासण्याचा ताण चौरस सेंटिमीटरला ०.२ डाइनच्या (डाइन हे बलाचं छोटं एकक) आसपास. एक बुडबुडा अडकला तरी पेशींचा थर सोलून निघतो. त्याहून घातक दोष डोळ्यांना दिसत नाही: पीडीएमएस तेलकट औषधं शोषतं. पेशींपर्यंत मात्रा कमी पोचते आणि विषारी औषध निर्धोक वाटतं. म्हणून आधी रिकाम्या चिपमधून औषध सोडून बाहेर किती येतं ते मोजावं.

पीकेडी१ किंवा पीकेडी२ जनुकातल्या दोषानं किडनीत पाण्याच्या गाठी होतात, त्या आजारासाठी ऑर्गनॉइड घ्यावा. हेच जनुक बंद केलेले ऑर्गनॉइड प्लेटला चिकटून होते तोवर गाठी क्वचितच आल्या. सोडवून तरंगत ठेवल्यावर बहुतेकांत आल्या. हे २०१७ साली दिसलं, म्हणजे दोष जनुकात असला तरी भोवतालचा आधारही महत्त्वाचा. सिस्प्लॅटिनसारखं कर्करोगाचं औषध किडनीला किती इजा करतं हे बघायला मात्र चिप बरी. तिथं औषध रक्ताच्या बाजूनं देता येतं. ऑर्गनॉइडच्या नलिकांना बाहेर पडायची वाटच नसते.

२०१९ साली ऑर्गनॉइड चिपमध्ये ठेवून वेगानं द्रव वाहवला, तेव्हा त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं वाढलं आणि गाळणीच्या पेशी अधिक परिपक्व झाल्या. लघवी बाहेर नेणारी वाट त्यातही नाही.