इंग्रजी ‘की’ आणि मराठीतले तिचे वाटेकरी: चावी, किल्ली, कळ, पट्टी

1987 च्या राजभाषा कायद्यानुसार गोव्यात कोकणी ही राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली. तेव्हापासून इंग्रजी मसुदा मराठीत आणण्याचे काम कचेऱ्यांत, शाळांत, वर्तमानपत्रांत रोजचे आहे. त्या कामात ‘की’ हा छोटासा शब्द वारंवार अडवतो. घराची की, परीक्षेची आन्सर की, बांधकामाच्या आराखड्यावरचा की प्लॅन, की-बोर्ड, गाण्याची की, खटल्यातला की विटनेस. इंग्रजीत हे सगळे एकाच छपराखाली राहतात. मराठीने मात्र त्यांची वाटणी करून टाकली आहे, आणि प्रत्येक वाटेकरी आपापल्या वाटेने आला आहे.

इंग्रजी शब्दाचे मूळ निश्चित सांगता येत नाही. जुन्या इंग्रजीतही तो आढळतो. शेजारच्या फ्रिसियन भाषेत त्याचा एक भाऊ सापडतो, त्यापलीकडे माग लागत नाही. साधारण 1700 पर्यंत त्याचा उच्चार ‘के’ असा होत असे. बंदरातल्या धक्क्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचाही उच्चार आज ‘की’च होतो, पण तो फ्रेंचातून आलेला वेगळा शब्द. मुरगाव बंदराच्या बातम्या ऐकून लिहिणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

दारापासून सुरुवात करू. किल्ली हा आपला जुना शब्द, संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी, पाचर, त्याच्या कुळातला. दार आतून लावायला अडणा किंवा अडसर होता, आणि लाकडी खुंटी सरकवून तो अडकवणे ही बंदोबस्ताची पहिली पायरी. संस्कृतात किल्लीला ‘कुंचिका’ असाही शब्द आहे, वाकड्या आकड्यावरून पडलेला. हिंदीतली कुंजी तिथूनच आली. हाच शब्द समुद्र ओलांडून मलय भाषेत ‘कुंची’ म्हणून आजही नांदतो. कुलूप अरबी ‘कुफ्ल’वरून आले, येताना ल आणि फ यांनी जागा बदलल्या. आणि चावी आली पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून. तिचा आजचा पोर्तुगीज उच्चार ‘श’ने सुरू होतो, सोळाव्या शतकात तो ‘च’ने होत असे, म्हणून आपल्याकडे ‘च’ टिकला. उच्चाराचा हा जुना पुरावा मराठी-कोकणीने जपून ठेवला आहे. दाराची बिजागरीही पोर्तुगीज ‘बिझाग्रा’चीच.

गोव्यातल्या आसगावात 1855 साली जन्मलेले मोन्सेनोर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा धांडोळा घेतला. त्यांचा ग्रंथ 1913 साली निघाला. चावीचा प्रवास त्यात नोंदलेला आहे: कोकणी, मराठी, गुजराती, आणि हिंदी-बंगालीत ‘चाबी’ होऊन पार पूर्वेपर्यंत. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला शब्द देशभर गेला. म्हणून ‘किल्ली शुद्ध, चावी परकी’ हा वाद गोव्यात तरी घालू नये. चारशे वर्षांहून अधिक काळ वापरात असलेला शब्द घरचाच असतो. सोवळेपणाच लावायचा तर ‘कुलूप’ही सोडावे लागेल.

पोर्तुगीज कारभारात तीन चाव्यांच्या पेटीला मोठे महत्त्व होते. पैसा आणि दस्तऐवज ज्या पेटीत, तिला तीन वेगळी कुलपे; चाव्या तीन वेगळ्या माणसांकडे; तिघे हजर असल्याखेरीज पेटी उघडायची नाही. कोमुनिदादींच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांच्या, व्यवहारात चावी सांभाळणाऱ्याला ‘क्लाव्हिक्युलारियु’ म्हणत. हा शब्द लॅटिन ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली, त्याच्या लघुरूपावरून बनला. त्याच लघुरूपावरून इंग्रजीत गळ्याजवळच्या हाडाला ‘क्लॅव्हिकल’, म्हणजे छोटी किल्ली, हे नाव पडले. नवा पोप निवडायला कार्डिनल बंद दालनात बसतात ते ‘कॉन्क्लेव्ह’ही त्याच क्लाविसचे: किल्ली लावून बंद केलेली जागा.

थोडे प्रत्यक्ष चावीबद्दल. आज घराघरात असते ते पिनांचे कुलूप लायनस येल ज्युनियर याने 1860 च्या दशकात पेटंट घेऊन रूढ केले. आत स्प्रिंगवर बसलेल्या पिनांच्या जोड्या असतात. चावीच्या प्रत्येक खाचेची खोली तिच्यावरच्या पिनेला नेमक्या उंचीवर आणते. सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत आले की आतला नळा फिरतो. खाच मिलिमीटरच्या छोट्या अंशानेही चुकली तर चावी अडते. म्हणून नक्कल करताना मूळ चावीच द्यावी. नकलेची नक्कल केली की पहिली चूक दुसरीत मिसळते, आणि नवी चावी ‘हलवून हलवून’ लागते. खाचांच्या कडेला राहिलेली कूस, म्हणजे धातूची बारीक टोचरी कड, कानशीने काढून घ्यावी. ती राहिली तर पिनांना ओरखडे पडतात. गोव्याच्या पावसात आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत कुलूप जड झाले की लोक खोबरेल सोडतात. दोन दिवस बरे वाटते, मग त्या तेलावर धूळ बसून चिखल होतो. शिसपेन्सिलीची पूड चावीच्या खाचांना चोळून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करणे जास्त उपयोगी.

आता दाबण्याची की. मध्ययुगीन युरोपात स्वरांना अक्षरांची नावे होती आणि त्या अक्षरांना लॅटिनमध्ये क्लाविस म्हणत. अक्षर ओळीच्या सुरुवातीला लिहिले की स्वरलिपी उलगडे. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘क्लेफ’, म्हणजे स्वरलिपीच्या सुरुवातीची खूण, हा शब्द आला. तीच अक्षरे ऑर्गनच्या दांड्यांवर लिहीत, म्हणून दांडीही ‘की’ झाली आणि पुढे गाण्याचा आधारस्वरही ‘की’ झाला. पोर्तुगीजने इथे चावी वापरली नाही. वाद्याच्या दांडीला ‘तेक्ला’, स्वरलिपीच्या खुणेला ‘क्लाव्ह’. चर्चच्या शाळांतून सोलफा, म्हणजे दो-रे-मी अशा नावांनी स्वर गाण्याची पद्धत, शिकलेल्या गोमंतकीय वादकांना हा फरक पाठ असे.

मराठीने पेटीवर बसून स्वतःचा शब्द काढला: पट्टी. बोटाने दाबायची तीही पट्टी आणि गाणाऱ्याचा षड्ज जिथे लावायचा तीही पट्टी. इंग्रजी ‘की’ची संगीतातली दोन्ही कामे या एका शब्दाने उचलली, आणि तीही भाषांतराशिवाय. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी तीन म्हणजे ई, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. भजनात पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनच्या आसपास असतात, बाया काळी चार-पाचला. चूक होते ती इथे: ‘डी मायनर की’चे भाषांतर नुसते ‘पांढरी दोन’ केले तर अर्धा अर्थ सांडतो. पट्टी फक्त षड्ज कुठे ते सांगते, गंधार-धैवत कोमल की शुद्ध हे सांगत नाही. ते वेगळे लिहावेच लागते.

संगणकाच्या की-बोर्डला कळफलक हा शब्द रुळला आहे आणि तो नेमका आहे. कळ म्हणजे यंत्राची युक्ती, खटका. दाबली की काम होते. ‘कळीचा मुद्दा’ याच कळीचा, ज्याच्यावर बोट ठेवले की सगळे प्रकरण हलते. ‘कळीचा नारद’मधली कळ मात्र कलहाची, दोन्ही एकत्र मिसळू नयेत.

विशेषण म्हणून ‘की’ इंग्रजीत विसाव्या शतकात फोफावली आणि मराठी बातम्यांत तिचे सरसकट ‘मुख्य’ किंवा ‘प्रमुख’ होऊ लागले. एक कसोटी लावून पाहावी: ती गोष्ट काढून घेतली तर बाकीचे अडते का? अडत असेल तर ‘कळीचा’ किंवा ‘निर्णायक’. नुसती वरच्या क्रमाची असेल तर ‘मुख्य’. जागेबद्दल बोलताना ‘मोक्याची’ यासारखा दुसरा शब्द नाही. साक्षीदार ‘महत्त्वाचा’. आन्सर की म्हणजे उत्तरसूची, नकाशावरची की म्हणजे खुणांची सूची, यशाची की म्हणजे गुरुकिल्ली. घड्याळाला चावी देतात, किल्लीही देतात, दोन्ही चालते.

रेल्वेतला कीमॅन हा सर्वांत फसवा. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या पाचरीला तिथे ‘की’ म्हणतात. रुळावरून चालत जाऊन सैल झालेल्या पाचरी हातोड्याने ठोकून बसवणारा तो कीमॅन. आता पाचरींच्या जागी पोलादी क्लिपा आल्या, हुद्द्याचे नाव राहिले. त्याला ‘किल्लीधारक’ लिहिले की वाचकाला तो फाटकाची कुलपे सांभाळणारा वाटतो. कीमॅनच लिहावे. कील या मूळ अर्थाशी मात्र हीच की सर्वांत जवळची: ती काही उघडत नाही, घट्ट धरते.

डिजिटल सहीतल्या दोन ‘की’ अलीकडच्या. प्रायव्हेट की ज्याची त्याने जपायची, पब्लिक की सर्वांना वाटायची. 1976 साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना प्रसिद्ध केली. मजकूर गुप्त पाठवायचा तर पब्लिक कीने तो बंद करतात आणि फक्त प्रायव्हेट कीने उघडतो. सहीत उलट, प्रायव्हेट कीने सही आणि पब्लिक कीने पडताळणी. तेव्हा ‘सार्वजनिक चावी’ असे लिहिले तर वाचणारा समजतो की ती कोणालाही काहीही उघडू देते. खरे तर वाटली जाते ती उघड्या कुलपासारखी वस्तू: कोणीही दाबून बंद करावे, उघडणारा एकच. इथे ‘पब्लिक की’ तशीच ठेवून पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात तिचे काम सांगावे.